शिवणीच्या आतला रंग

त्या बाईंना मी जीपमध्ये बसवलं तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीला आणले, शाबासक्या घेतल्या. त्यातलं बरंचसं विसरलो. हे प्रकरण एका जुन्या पर्सचं होतं. ते विसरलो नाही, कारण त्यात चुकलेला माणूस मी होतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वय पस्तिशीच्या आत आणि आवाज चढा. ओतूरच्या एका शिक्षिका पुण्याहून एस.टी.ने घरी निघाल्या होत्या. पर्स शेजारी सीटवर ठेवलेली. कळंबला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि पर्स गेली. आत रुमालात गुंडाळलेल्या सोन्याच्या बांगड्या होत्या. फिर्यादीत वर्णन लिहून घेतलं: तांबड्या रंगाची चामडी पर्स, पितळी बक्कल, आत दोन कप्पे.

दोन आठवडे तपास जागेवरच होता. मग एके सकाळी लोणीच्या बाजूच्या एका वाडीतला माणूस ठाण्यात आला. इस्त्रीचा सदरा, बोटात अंगठी. ठाणे अंमलदारांच्या टेबलापाशी न थांबता सरळ माझ्याकडे आला.

"साहेब, माझं नाव घेऊ नका. आमच्या भावजयीच्या खोलीत बायकांच्या पर्सा येत्यात. पोतं भरून. एकटी बाई, नवरा वारलेला. कुठून येत्यात, तुमीच बघा आता."

खबर देणाऱ्याला पोलिसाने पहिला प्रश्न काय विचारायचा? तू हे का सांगतोस? प्रशिक्षणात शिकवतात, परीक्षेत येतो. मी विचारला नाही. मला पर्स हवी होती.

त्याच दुपारी दोन पंच घेऊन वाडीवर गेलो. दहा बाय बाराची खोली. भिंतीला दोरी बांधलेली आणि तिच्यावर सावलीत पर्सा वाळत होत्या, पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेल्या. खाली पाटावर एक जुना दाढीचा ब्रश, एरंडेलाची बाटली, बक्कल घासायला भिजवलेली चिंच, चेनीवरून फिरवायची मेणबत्ती, जाड सुया, मेणाचा दोरा. अस्तराला जुन्या साड्यांचे तुकडे घडी करून ठेवलेले. चोरीचा माल दडवणारा माणूस तो दारासमोर वाळत घालत नाही, हे कुणाच्याही लक्षात यावं. मी मोजून अकरा पर्सा काढल्या. दारापासून चौथी पर्स तांबडी होती. पितळी बक्कल, आत दोन कप्पे.

बाई चाळिशीच्या. उंबऱ्यात उभ्या होत्या.

"पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणते साहेब. मळल्याली, उसवल्याली असत्यात. धुते, शिवते, रंग देते, आन् विकते."

"पावती?"

"तिथं पावती कोण देतं?"

एवढ्यावर मी त्यांना अटक केली. महिला पोलीस शेजारच्या ठाण्यातून मागवावी लागायची. ती येईपर्यंत बाईंना त्यांच्याच ओट्यावर बसवून ठेवलं. तास-दीड तास. तेवढ्यात अख्खी वाडी जमली. जमलेल्यांत तो इस्त्रीचा सदराही होता, मागे, हाताची घडी घालून. कुणीतरी म्हणालं, "म्हणलं व्हतं ना, चामड्याला हात लावणारीनं घर बुडवलं." मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

आज त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. या शेतकरी घरातल्या बाईने तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर बसणाऱ्या चर्मकारमामांकडून हे काम शिकून घेतलं होतं, त्यांच्या शेजारी बसून, हातात चामडं टोचायची आरी घेऊन. भाऊबंदांचं पोट त्यामुळे दुखत होतं. पायात चामड्याची चप्पल चालते, कमरेला पट्टा चालतो, बैलाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा चालतो. एका बाईने तेच चामडं हातात घेऊन स्वतःचं पोट भरलं की मात्र घराण्याची अब्रू जाते. ही घाण त्यांच्या मनातली होती. पोलिसांच्या जीपमध्ये घालून ती मी ठाण्यात आणली आणि तिला गुन्हा असं नाव दिलं.

फिर्यादी बाईंना ओळख पटवायला बोलावलं. नियम असा की तशाच दिसणाऱ्या चार वस्तूंत मिसळून वस्तू दाखवायची. मी तांबडी पर्स एकटी टेबलावर ठेवली होती. बाई आत आल्या, पर्स पाहिली आणि त्यांचे डोळे भरले.

"हीच! हीच माझी."

खोटं बोलल्या नाहीत त्या. ज्याला आपली हरवलेली वस्तू हवी असते त्याच्यापुढे तिच्यासारखी एकच वस्तू ठेवली, तर तो दुसरं काय म्हणणार? ती खोटी ओळख मी घडवली होती.

घोडेगावच्या कोर्टातून एक दिवसाची कोठडी घेतली. चौकशीला बसलो. माझ्यासोबत एक जुने हवालदार आणि शेजारच्या ठाण्याची महिला पोलीस.

"बांगड्या कुठं आहेत?"

"कसल्या बांगड्या? मला ठावं न्हाई."

"पर्स तुझ्या घरात सापडली. बाईने ओळखली."

"ती पर्स माझ्याकडं आली तवा तांबडी नव्हतीच साहेब. तपकिरी व्हती. तांबडा रंग म्या दिला."

हवालदार हसले. "अगं, उद्या म्हणशील गाढव व्हतं, घोडा म्या केला."

बाई हसल्या नाहीत. "शिवण उसवून बघा. रंग वरून लावत्यात. शिवणीच्या आत जात न्हाई. मला आरी द्या, दोन मिनिटांत दाखवते."

"आरोपीला आरी?" हवालदार म्हणाले. "साहेब, बाई लई पोचलेली हाय."

मग बाईंनी ब्लेड मागितलं. नाही. साधी सुई मागितली. तीही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, मला नका देऊ. तुमी उसवा. तुमच्या हाताला काय झालंय?"

माझा आवाज वर गेला. चौकशी पोलीस करतात, आरोपीने सांगायची नसते, असं काहीतरी मी बोललो. पुढचे तीन तास तेच तेच विचारत राहिलो, आणि पर्स तीन हातांवर कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी कोठडी संपायची होती. पुन्हा कोर्टासमोर उभं राहून वाढीव कोठडी मागायची, तर कारण द्यावं लागणार. बाईंचं म्हणणं खोटं पाडलं की कारण मिळेल, एवढ्याच हिशेबाने मी पंच बोलावले आणि फिर्यादी बाईंनाही. खरं शोधायला नव्हे, हे लिहून ठेवतो. बाईंना समोर बसवलं. ब्लेड माझ्या हातात.

"कुठं उसवू?"

"पट्टा जिथं बसतो तिथं. वरची नको, बाजूची. दोन टाके काढले तरी पुरं. चामडं फाडू नका."

मी टाके काढले. पट्टा उचलला. खाली चामड्याची बोटभर पट्टी तपकिरी होती. नुसती तपकिरी नव्हे, वर्षानुवर्षं हात लागून, घाम मुरून काळवंडलेली. तांबडा रंग तिच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला. जुन्या शिवणीची बारीक भोकं तिथेच दिसत होती, आणि त्यांच्या बाजूला बाईंच्या जाड सुईची नवी.

मग फिर्यादी बाई पुढे वाकल्या. त्यांनी बोट त्या पट्टीवरून फिरवलं.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पर्सचा पट्टा एकदा तुटला होता. तेव्हा पाहिलं होतं, आतूनही तांबडीच होती." आणि आरोपीच्या खुर्चीवरल्या बाईंकडे वळून त्या हात जोडून म्हणाल्या, "ताई, मला माफ करा."

"तुमची गेलीया ना पर्स," बाई म्हणाल्या. "तुमी रडणारच."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पंचनामा केला. त्याच दिवशी बाईंना सोडण्यासाठी कोर्टाकडे अहवाल पाठवला की पुरावा नाही. त्या सुटल्या. पर्सा मुद्देमालातून परत मिळायला आणखी काही दिवस गेले. मिळाल्या तेव्हा बाई हबकल्याच. झडती घेताना आमच्या शिपायाने पोटातले कागद काढून फेकले होते आणि पर्सा एकावर एक दाबून दमट खोलीत ठेवल्या होत्या. चुण्या पडल्या होत्या. काहींवर पांढरी बुरशी चढली होती.

"कागद का काढलं? कागदानं आकार राहतो त्यांचा. एवढं समजत न्हाई?"

त्यांनी पर्सा पोत्यात भरल्या आणि त्या एकट्या एस.टी.ने गेल्या.

माझ्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. आठ-दहा दिवसांनी त्या परत ठाण्यात आल्या. पोतं तसंच होतं.

"एक बी विकली गेली न्हाई साहेब. ज्यांनी आधी घेतल्या त्या बायका परत आणून टाकतायत. म्हणत्यात, चोरीची नको आमाला. मी सांगते, कोर्टानं सोडलं. त्या म्हणत्यात, सुटली आसंल काहीतरी करून."

मी म्हणालो, "मी येतो वाडीवर. जीप घेऊन. सगळ्यांसमोर सांगतो."

"नका येऊ!" त्या एकदम म्हणाल्या. "जीप दिसली की म्हणतील, दुसऱ्यांदा न्यायला आली."

खरं होतं ते. अटकेला आम्ही जीप, पंच, वर्दी, सगळं नेतो. निर्दोष सुटलेल्या माणसाला आम्ही एस.टी.च्या भरवशावर सोडतो. अटक गावाला दिसते, सुटका फक्त फाइलला कळते. याला नियमांत उपाय नाही. मी शोधला, नाही.

"तुमीच म्हणत होता ना, पावती? मला बी पावती द्या," बाई म्हणाल्या. "मी चोर न्हाई, याची."

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो. फीवाढीची, पाण्याची, जातीच्या पंगतीची. ती भाषा वर्दी चढवल्यावर मी विसरलोय असं वाटत होतं. त्या दिवशी ठाण्याच्या टेबलाशी बसून लिहिलं: 'या वाडीतील बाईंकडे सापडलेल्या पर्सा त्यांच्या स्वतःच्या आहेत. त्यांनी चोरी केलेली नाही. चूक पोलिसांकडून झाली. चामड्याचं काम करणं हा गुन्हा नाही आणि कमीपणाही नाही.'

बाईंनी सावकाश वाचलं.

"चांगलं लिवलंय. पर खाली नाव कुणाचं?"

"कुणाचंच नाही. पत्रकाखाली कुणी नाव घालत नाही."

"मंग लोक म्हणतील, हिनंच लिवलं. आन् 'पोलिसांकडून' म्हंजे कोण? मला पोलिसांनी न्हाई नेलं. तुमी नेलं."

हवालदारांनी मान दुसरीकडे फिरवली. मी 'पोलिसांकडून' खोडलं, 'माझ्याकडून' लिहिलं आणि खाली नाव, हुद्दा, सही केली. पदरचे पैसे घालून छापून घेतलं. एस.टी.च्या थांब्यावर, चावडीवर, दूध डेअरीच्या भिंतीवर लावलं.

वरिष्ठांकडून कारणे दाखवा नोटीस आली. खात्याची बदनामी केली, परवानगी घेतली नाही. मी उत्तर दिलं की पत्रकातलं एकही वाक्य खोटं असेल तर दाखवून द्या, शिक्षा घेतो. शिक्षा झाली, बदलीही झाली. त्याची तक्रार नाही. त्या बाईंनी जे भोगलं त्यापुढे बदली म्हणजे काहीच नाही.

फिर्यादी बाईंच्या बांगड्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. तेही माझंच अपयश. अकरा पर्सा हाती लागल्यावर खरा चोर शोधायचं मी थांबवलं होतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी दोन गोष्टी पाळल्या. खबर देणाऱ्याला आधी विचारलं, तुझं यात काय आहे? आणि आरोपी म्हणाला की अमुक करून बघा, तर ते त्याच दिवशी करून पाहिलं. दहातल्या नऊ वेळा तो थापच मारत असतो. पण करून पाहायला दोन टाके उसवण्यापलीकडे काही लागत नाही, आणि न पाहण्याची किंमत आपण देत नाही. ती दुसऱ्याला द्यावी लागते, त्याच्या गावात, त्याच्या उंबऱ्यात. हे ज्या अधिकाऱ्याला पटत नाही त्याने वर्दी उतरवावी.

बदलीच्या आधी बाई एकदा ठाण्यात आल्या. डेअरीच्या भिंतीवरचं पत्रक फाडलं गेलं होतं. कुणी फाडलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इस्त्रीचा सदरा दोघांनाही माहीत होता.

"आणखी एक द्या," त्या म्हणाल्या.

मी एक दिलं.

"एकानं काय हुतंय? त्यो रोज डेअरीवर येतो."

मी उरलेला गठ्ठाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पिशवीत घातला आणि निघाल्या, दुपारच्या गाडीने, परत त्याच वाडीत.