समुद्राकडे गेलेली ट्राम आणि भडगावचे रोट

माझ्या मोबाइलमध्ये एका राखाडी समुद्राचा फोटो आहे. समोर एक बाक, बाकाशेजारी कचऱ्याचा डबा आणि वर ढगाळ आकाश. घरी कोणी फोटो बघायला बसलं की असोद्याच्या माझ्या माहेरची केळीची बाग बघून "वा" म्हणतात, भडगावला गिरणेच्या काठावर आमच्या बायकांनी धरलेल्या फुगड्या बघून हसतात आणि या समुद्रापाशी आले की विचारतात, "हे काय काढलंय?" मी म्हणते, ही माझी परदेशातली सर्वांत आवडती जागा. त्यांना वाटतं, बाईंना फोटो काढता येत नाहीत. तेही खरंच आहे. पण त्या बाकावर मी बसले होते, त्या दिवशी माझा माझ्या कानबाईवरचा विश्वास पार डळमळला होता, आणि तिथून उठले तेव्हा मी आजी झाले होते. म्हणून ही हकीकत एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कानबाईबद्दल सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्या लोकांना ती माहीत नसते, याचं मला नेहमी नवल वाटतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे नारळाच्या रूपात ही देवी बसते. डोळे, नाक, नथ, सगळा साज तिला चढवतात. नोकरीधंद्याला पुण्या-सुरतेला गेलेली भाऊबंदकी त्या दिवशी घरी येते. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊसुद्धा एका पंगतीत बसतात, आणि हे घडवून आणायची ताकद आमच्या देवीत आहे, असं मी अभिमानाने सांगते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, शनिवारी दळतात, रविवारी गोड जाड रोट करतात. ते भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावाची मूठ मोजली, त्याचा वाटा उरता कामा नये. आणि आमच्या घरात बारसं झाल्याशिवाय मुलाची मूठ मोजत नाहीत. माझ्या माहेरी हे काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी शेजारच्या मुलीच्या हातावर कौतुकाने रोटाचा तुकडा ठेवला, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, माझ्याकडे असं बघितलं की पुढचे आठ दिवस मी परसातच भांडी घासत राहिले. नंतर मात्र मीच सगळ्यांवर पहारा ठेवायला लागले. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे पहारा ठेवणं अंगवळणी पडलेलं होतं.

माझा मुलगा हर्षल नेदरलँड्समध्ये, हेग शहरात नोकरी करतो. हे गेल्यापासून मी भडगावला अक्कांच्या शेजारच्या खोल्यांत राहते. मागच्या श्रावणाच्या तोंडावर हर्षलचा फोन आला की मयूरीला, माझ्या सुनेला, सातव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलंय, आई तू ये. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून व्हिसा आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे मी चार दिवसांत पोहोचले. पोहोचले तेव्हा बाळ दोन दिवसांचं झालेलं होतं. मुलगा. जेमतेम किलोभर वजनाचा. काचेच्या पेटीत ठेवला होता आणि नाकातोंडात नळ्या. त्याचा हात माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराएवढा. डॉक्टरीणबाईंनी हर्षलला सांगितलं की पुढचे काही दिवस काहीच सांगता येणार नाही. हर्षलने मला मराठीत सांगितलं आणि वर म्हणाला, "आई, गावाकडे अजून कोणाला काही कळवू नको. अभिनंदनाचे फोन येतील आणि मला ते घेता येणार नाहीत."

मी हो म्हटलं. पण मनात फार लागलं. नातू झाला आणि त्याचं नाव काढायचं नाही, पेढा नाही, कोणी मला आजी म्हणणार नाही. हर्षल तसा देवाधर्मापासून लांबच. लहानपणी कानबाईच्या मिरवणुकीत पुढे नाचायचा, पण शिकला तसं सगळं हसण्यावारी नेऊ लागला. मला वाटायचं, या घरात श्रद्धा धरून ठेवणारी मी एकटीच आहे. त्या दिवसांत मात्र मीही ती धरून धरून दमले. काचेपाशी उभी राहून मी देवीशी चक्क भांडले. इतकी वर्षं तुझं सगळं रीतीने केलं, एक नेम चुकवला नाही, त्याचं हे फळ देतेस का, असं मी तिला विचारलं. विचारून झाल्यावर स्वतःचीच भीती वाटली.

शनिवारी सकाळी मयूरीपाशी हर्षल होता, म्हणून मी अंघोळ करायला घरी निघाले. ट्रामचा नंबर त्याने कागदावर लिहून दिला होता. मी नंबर बघूनच बसले, पण उलट्या दिशेच्या ट्राममध्ये. भूगोल शिकवलेल्या बाईने हे करावं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तेव्हा समोर समुद्र. मोबाइलला तिकडचं सिमकार्ड नव्हतं, घराबाहेर तो नुसता फोटो काढायच्या कामाचा. मी बाकावर बसले आणि रडू आवरेना. इतक्या दिवसांत मी रडलेच नव्हते.

तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली. सत्तरीची असेल. पॅन्ट, जाकीट, डोक्याला स्कार्फ, आणि हातात लाल धागा. तिने माझ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाली, "काहे रोवे है, बहिन?"

मी दचकलेच. ती सुरीनामची होती. तिचे पणजोबा बिहारकडून उसाच्या मळ्यांवर कामाला नेलेले, आणि पुढे तिचं कुटुंब हॉलंडला आलेलं. तिची बोली हिंदीच्या अंगाने जाणारी आणि माझी हिंदी खानदेशी, पण आमचं एकमेकींना सगळं समजत होतं. आमच्याकडे गुजरात आणि मध्य प्रदेश उशापायथ्याला, त्यामुळे चार भाषांची भेसळ पचवायची सवय आहे आम्हाला. मी तिला सगळं सांगून टाकलं. जे अक्कांना सांगायचं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, "लड़का जीयत है?"

मी म्हटलं, हो, जिवंत आहे.

"तब तो तू आजी भइले," ती म्हणाली. त्यांच्यातही बापाच्या आईला आजीच म्हणतात.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. अंगावरून कोणी मायेने हात फिरवावा तसं वाटलं. तो आहे, म्हणजे मी आजी आहे. उद्या काय होईल ते उद्या. आज तो आमच्या घरातला एक माणूस आहे आणि घरातल्या प्रत्येक माणसाची मूठ मोजायची असते. तिकडे भडगावला त्याच दिवशी गहू मोजले जाणार होते, आणि हिशोबात माझा नातू नव्हता. मी उठले. त्या बाईने मला बरोबर ट्राममध्ये बसवलं, स्वतःही बसली आणि थेट दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ट्राम येण्याआधी काढलेला तो समुद्राचा फोटो तेवढा राहिला.

दवाखान्याच्या वायफायवरून मी कोपऱ्यात जाऊन अक्कांना फोन लावला. हर्षलला दिलेला शब्द मोडत होते, पण त्याचं काही वाटलं नाही. म्हटलं, "अक्का, हर्षलला मुलगा झालाय. काचेच्या पेटीत आहे. बारसं झालेलं नाही, नाव नाही, मला रीत माहीत आहे. तरी त्याची मूठ भरा. आणि हर्षलला कळू देऊ नका."

मला वाटलं, अक्का रागावतील. पण आवाज आला, "भरस वं माय. तू जेवन करी ले." आणि फोन बंद झाला.

रविवारी देवी बसली. सोमवारी तिकडे गिरणेवर विसर्जन झालं त्याचा व्हिडिओ अक्कांच्या सुनेने पाठवला. तो बघत असतानाच नर्स आली आणि म्हणाली, नळी काढतोय, तो स्वतः श्वास घेतोय. दुपारी मयूरीच्या छातीवर त्याला उघडा ठेवला आणि वर पांघरूण घातलं. डॉक्टरांनी आपलं काम केलं, औषधांनी केलं, हे मला कळतं. त्यांच्यापुढे मी हात जोडले. पण त्या शनिवारी देवीशी भांडून निघालेली मी आणि सोमवारी त्या खोलीत उभी असलेली मी, यांच्यामध्ये जे घडलं त्याला मी कृपाच म्हणते.

बाळ अडीच महिन्यांनी घरी आलं. दिवाळीनंतर मी भडगावला परतले. सगळ्या जावा, पुतणसुना जमल्या होत्या आणि मी रंगात येऊन सांगत होते. आपला हर्षल कसा काही मानत नाही, गावाला कळवू नको म्हणाला, पण मी कशी हिंमत करून लेकराची मूठ भरायला लावली. अक्का तांदूळ निवडत होत्या. माझं सांगून झाल्यावर सूप खाली ठेवून म्हणाल्या, "दोन मुठी भऱ्यात मी."

"दोन कशा?"

"त्या दिन तुना पहिले हर्षलना फोन उना व्हता. सक्कायमाच. रडी राहिंथा. म्हने, काकू, मना पोऱ्यानी मूठ भरा, आनि आईले सांगू नका. ती मी भरी ठेयेल व्हती. मंग तुना फोन उना. तू म्हनी त्याले सांगू नका. आते मी काय करू? आखो एक भरी."

कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. मी विचारलं, "एवढे रोट मग खाल्ले कोणी?"

"कोन खाई? मीच," अक्का म्हणाल्या. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. नातवाच्या नावाचं उरू नये आणि कोणाला कळूही नये म्हणून पौर्णिमेपर्यंत रोज त्या बसून खात होत्या आणि वरून गोळी घेत होत्या.

या घराची श्रद्धा आपणच सांभाळतो असा माझा केवढा तोरा होता. मी ट्राम चुकून समुद्रावर रडत बसले होते, तेव्हा माझा मुलगा माझ्या आधी अक्कांना फोन करून देवीच्या दारात जाऊन उभा राहिला होता, तोही मला न कळू देता. आणि दोघांचंही ओझं माझ्या अक्का एक शब्द न बोलता वाहत होत्या. कानबाईमाते, तू कोणाकोणाच्या हातून काय करून घेतेस ते मला समजत नाही, आणि आता समजून घ्यायचा हट्टही नाही. असा मुलगा आणि अशी जाऊ मी कमावलेली नाहीत, ती मला मिळालीत. त्यांच्या नावाचा ताठा मात्र मी मरेपर्यंत मिरवणार आहे, तेवढा मला माफ कर.