ह्यांच्या पुस्तकातला युगांडा

ह्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन नांदेडला झालं. सभागृह भरलं होतं, मी पहिल्या रांगेत होते, आणि पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. लिहीत असताना कधी विचारलं तर "पूर्ण झाल्यावर वाच" म्हणायचे. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. तिथं आम्ही दोघं राहिलो होतो, तेव्हा पुस्तकही दोघांचंच असणार असं मी धरून चालले होते.

हे मूळचे देवणीकडचे. शाळेत होते तेव्हा लातूरच्या वाचनालयातून साहसकथा आणून वाचायचे. दूरच्या उष्ण मुलखात एकटा राहणारा गोरा मळेवाला, त्याचा ताप, त्याच्या मगरी, त्याचा इमानी नोकर. लग्नानंतर जेवता जेवता हात थांबवून मलाही त्या गोष्टी सांगायचे. पुढं साखर कारखान्यात केमिस्ट झाले आणि युगांडातल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. सासूबाई म्हणाल्या, "लई लांब हाय ते. एकट्याला न्हाई धाडायचं." म्हणून मी माझी शिक्षिकेची नोकरी सोडली आणि सोबत गेले.

तिथं साहस म्हणावं असं फारसं काही नव्हतं. कारखान्याची वसाहत, लाल मुरमाचे रस्ते, आणि हंगाम सुरू झाला की मळीचा तोच ओळखीचा वास. शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक बाई राहायची. गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा नवरा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. पहिल्या आठवड्यात ती मला बाजारात घेऊन गेली आणि 'डोडो' नावाच्या भाजीची जुडी माझ्या हातात ठेवली. बघते तर आपला माठ! मी भर बाजारात हसत सुटले. मी तिला लसणाची फोडणी शिकवली, तिनं मला केळीच्या पानात हिरवी केळी वाफवायला शिकवलं. मोडक्या इंग्रजीत आम्ही एकमेकींच्या सासवांबद्दल बोलायचो.

दुसऱ्या पावसाळ्यात ह्यांना मलेरिया झाला. आधी थंडी वाजली, मग असंबद्ध बोलणं सुरू झालं, आणि एका सकाळी हाक मारली तर डोळेच उघडेनात. कारखान्याची गाडी नदीपलीकडं अडकली होती, पुलावरून पाणी वाहत होतं. मी शेजारी धावले. तिचा नवरा लगेच ट्रॅक्टर काढायला गेला. आम्ही दोघींनी ट्रॉलीत गादी टाकली, ह्यांना उचलून ठेवलं. तिनं ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, वर छत्री धरली. मी पाय धरून बसले. पुलाच्या मध्यावर पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं, तेव्हा तिचा नवरा खाली उतरला, काठीनं पुढचा रस्ता चाचपून आला आणि परत चढला. ती सारखी ह्यांच्या कपाळावरून हात फिरवत होती. पलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

प्रकाशनाहून घरी आले आणि पुस्तक उघडलं. त्यात एक माणूस जंगलाच्या कडेला बंगल्यात एकटा राहत होता. 'पत्नीला मागं मायदेशी ठेवून आलो होतो,' असं एक वाक्य होतं. पूर होता, पूल होता, ट्रॅक्टरही होता. पण तो चालवत होते हे! ट्रॉलीत तापानं फणफणलेली एक अडाणी म्हातारी मोलकरीण होती. गळ्यात ताईत, तोंडानं मंत्र पुटपुटणारी. तिचं बोलणं आमच्या शेजारणीचं होतं, कपाळावरून हात फिरवण्याची सवयसुद्धा तिचीच.

हे बाहेरच्या खोलीत बसले होते, तिथं मी पुस्तक घेऊन गेले.

"ही मोलकरीण कोण?"

"अगं, ते पात्र आहे. थोडं रंगवावं लागतं."

"प्रस्तावनेत तर सगळं खरं घडलेलं म्हणून लिहिलंय. आणि मी?"

"वाचकाला एकटा माणूस लागतो. बायको सोबत असली की मग त्यात काय राहिलं? संसारच."

संसारच होता तो. पण त्यासाठी मी नोकरी सोडली होती. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

पुस्तक चाललं. लातूरला एका वाचक मंडळानं कार्यक्रम ठेवला आणि मलाही मंचावर बसवलं. ह्यांनी पुराचा प्रसंग वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. मग मागून एक वयस्कर बाई उठल्या. "ताई, तुमचा मालक असा पाण्यात होता तवा तुमी कुठं होत्या?"

हे माझ्याकडं बघत होते. मी सांभाळून घेईन याची त्यांना खात्री होती.

"मी ट्रॉलीत होते," मी म्हणाले. "ह्यांचे पाय धरून. हे बेशुद्ध होते."

कुणीतरी हसलं, त्यांना तो विनोद वाटला असावा. सूत्रसंचालकानं घाईनं पुढचा प्रश्न घेतला. नांदेडला परतताना गाडीत हे म्हणाले, "चार लोकांत असं बोलायचं नव्हतं." मी म्हणाले, "तुम्ही तर छापून बोललात."

खरी अडचण पुढं होती. भारतात परतल्यावरही युगांडाच्या त्या शेजारणीशी माझं फोनवर बोलणं व्हायचं. मुखपृष्ठाचा फोटो मीच उत्साहानं प्रकाशनाच्या सकाळी तिला पाठवला होता. ती रोज विचारायची, "मी आहे का त्यात? वाचून दाखव ना." मी ह्यांना म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला." ह्यांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. शेवटी मीच सगळं सांगितलं. मोलकरीण, ताईत, मंत्र, काहीही न गाळता.

"त्याला शुद्ध आली तेव्हा तो माझा हात धरून रडला होता," ती म्हणाली. "तेही लिहिलंय का?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

दुसरी आवृत्ती आली. "तुझ्या मनासारखं केलंय," म्हणत ह्यांनी प्रत पुढं केली. ऋणनिर्देशात एक ओळ वाढली होती: पत्नीच्या सहकार्याशिवाय हे लेखन शक्य झालं नसतं. मोलकरीण जिथल्या तिथं होती.

गेल्या महिन्यात शेजारणीनं आपण होऊन फोन केला. मुलीचं लग्न ठरलंय. आमच्या मागच्या बोलण्याचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. "तू ये," एवढंच म्हणाली. इंग्रजीतल्या 'यू'मध्ये एकटीही बसते आणि दोघंही. तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं.

मी तिकीट काढलं. हे दोन दिवस घुटमळत होते. मग म्हणाले, "मीही येऊ का? दुसऱ्या पुस्तकासाठी थोडं बघून होईल."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. थट्टा करत नव्हते.

"नको," मी म्हणाले, आणि तिच्या मुलीसाठी घेतलेली साडी बॅगेत ठेवली.