दाजींचा सोमवार

त्या दिवशी मी सोलापूरला चष्म्याच्या काचा आणायला निघालो होतो. चष्म्याशिवाय कार चालवता येत नाही, म्हणून उमरग्याच्या स्टँडवर एसटीत बसलो, खिडकीची जागा मिळाली, कंडक्टरनं घंटी दिली आणि तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, अप्पा उठंनात," एवढंच ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली... मी उभा राहिलो आणि गाडी थांबवा म्हणालो. सुटलेली गाडी कुठं थांबवता म्हणून कंडक्टर वैतागला. शरणप्पा कंट्रोलर गेले, ते माझे दाजी, असं सांगितल्यावर मात्र त्यानं लगेच दार उघडलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरला. ती गाडी नंतर दहा-बारा मिनिटं तशीच उभी होती, असं मला मागाहून कळलं. दाजी असते तर त्यांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावून झापलं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आमच्याकडं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि त्यांची थट्टा करायचा परवाना मेहुण्याला जन्मभरासाठी मिळतो. मी तो पुरेपूर वापरला. दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. त्यांच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती. सीमेवरचं गाव, त्यामुळं मराठीत गाडी पुकारून झाली की लगेच कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणायचे आणि चुकीच्या गाडीत चढू पाहणाऱ्या एखाद्या म्हातारीला दखनीत समजावायचे, "अम्मा, तुमारी गाडी ये नै, वो है." कुठली गाडी कुठं कधी पोचते, कुठल्या थांब्यावर किती वेळ खाते, हे त्यांना वेळापत्रक न उघडता सांगता यायचं. पण एवढ्यावर कुणी दाजींना आठवत नाही. पंचक्रोशी त्यांना आठवते ती त्यांच्या कागदांसाठी.

कुणाला देवाला जायचं असो, किल्ला बघायचा असो, पाहुण्यांना एक दिवस फिरवून आणायचं असो, माणूस आधी दाजींच्या केबिनमध्ये यायचा. दाजी ड्युटीचा एखादा पाठकोरा कागद ओढायचे आणि त्यावर त्या माणसाचा सगळा दिवस लिहून द्यायचे. त्यांची एक रीत होती. दिवस ते संध्याकाळकडून सकाळकडं रचत. पहिला प्रश्न ठरलेला, "परत कुठल्या गाडीनं येनार?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेन उचलायचे नाहीत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "परतीची गाडी धरली की दिवस मापात बसतो. न्हाय तर मानूस सकाळी उंडारतंय आन् सांजच्याला पळतंय." मग खालच्या ओळीपासून वर वर लिहीत जायचे. तटाच्या कुठल्या अंगाला किती वाजेपर्यंत सावली, म्हाताऱ्या माणसाला टेकायला पायरी कुठं, बायकांची सोय कुठं, कुठल्या हॉटेलात खरंच भाकरी मिळते आणि कुठं नुसती पाटी आहे. शहरातला जुना भाग बघायचा तर कुठली गल्ली आधी आणि कुठली उन्हं कलल्यावर, हेही त्यात असायचं. इतकं बारीक त्यांना कसं ठाऊक, असं मला वाटायचं. त्यांचा अभ्यास साधा होता. फिरून परत आलेल्या माणसाला ते सोडत नसत. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला चहा पाजून सगळं काढून घ्यायचे. पुढच्या माणसाचा कागद मागच्या माणसाच्या पायांनी दुरुस्त होत जायचा. मला विचाराल तर यापेक्षा चोख काम मी कुठल्याच कचेरीत बघितलेलं नाही.

एकदा केबिनमध्ये बसलो असताना मी सहज विचारलं, "दाजी, नळदुर्गाच्या पाणीमहालात आत उभं राहिल्यावर पाण्याचा आवाज कसा येतो हो?"

"लई मोठा येतो म्हनत्यात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही ऐकला नाही?"

"मी कवा जाऊ? आन् हितं गाड्या कोन सोडंल?"

नळदुर्ग आमच्यापासून तासाभरावर. शेकडो माणसांना त्यांनी तिथं पाठवलं होतं. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला अक्का आठवली. लोकांच्या जत्रा आणि सुट्ट्या म्हणजे दाजींची जादा ड्युटी. नवरात्रात तुळजापूरच्या गाड्या, दिवाळीत माहेरवाशिणी, उन्हाळ्यात लग्नं. अक्का कुठं गेलीच तर शेजारणींबरोबर, नाही तर गेलीच नाही. तिची मागणी फार मोठी नव्हती. एक दिवस तिला ह्यांच्याबरोबर कुठंतरी हिंडायचं होतं, बस्स. गल्लीतल्या बायका एकदा तेरला जाऊन आल्या. नदीकाठची समाधी, विटांचं फार जुनं देऊळ, संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या, असं सगळं अक्काच्या ओट्यावर बसून त्यांनी तिला रंगवून सांगितलं. अक्का मला नंतर म्हणाली होती, "माझ्या नवऱ्यानं लिवलेला दिवस त्या मला सांगाया लागल्या, बग." ती हसत होती, पण मला ते लागलं. दाजींचा मला त्या वेळी रागच आला, हे इथं कबूल करतो.

दाजी निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात तेरचा कागद तयार केला. पण पहिल्या वेळी नातू आजारी पडला, दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी मातीला जावं लागलं, असं करत वर्षं गेली आणि तिसऱ्या वेळी दाजींच्याच छातीत दुखलं. हृदय अशक्त झालंय, जिने चढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर अक्कानं तेरचं नाव काढणंच सोडून दिलं. मी मात्र मनात धरून होतो. माणूस हातचा निघून जाईल आणि हिचा एवढा एक दिवस राहून जाईल, ही धास्ती मला लागली होती. शेवटी मीच हट्ट धरला. माझी कार आहे, घेऊन जातो म्हणालो. दाजींनी ऐकलं नाही. "एसटीत जन्म गेला आन् आता तुझ्या डबड्यात बसू व्हय?" तेव्हा एका सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. धाराशिवला गाडी बदलली आणि तेरला उतरलो. दाजींच्या खिशात कागद, अक्काच्या अंगावर लेकीच्या लग्नातली साडी. देवळात शिरताना मी विचारलं, "दाजी, देवाची वेळ घेतलीय ना?" त्यांनी कागद बघून सांगितलं, "नऊ चाळीस ते धा पंचवीस."

दुपारपर्यंत सगळं मिनिटाबरहुकूम झालं. अक्का मात्र बिचारी पळत होती. एखाद्या खांबापाशी थांबली की दाजी घड्याळ बघत. मग आम्ही संग्रहालयाशी आलो आणि फाटकाला कुलूप. शेजारी पाटी, सोमवारी बंद. दाजींनी ती पाटी दोनदा वाचली. त्यांचा चेहरा असा पडला की मला थट्टा सुचली नाही... घोटाळा कुठं झाला ते लगेच कळलं. नोकरीभर त्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असायची. सुट्टी म्हणजे सोमवार हे त्यांच्या अंगात मुरलेलं. जगाचा रविवार त्यांनी कधी पाळलाच नव्हता. आणि त्यांनी पाठवलेली माणसं सगळी रविवारी नाही तर सणाला गेलेली, त्यामुळं सोमवारचं कुलूप त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कागदावर संग्रहालयासाठी ठेवलेला दीड तास आता रिकामा पडला होता. दाजी कडेला उकिडवे बसले आणि कागद गुडघ्यावर ठेवून खालून वर पुन्हा जुळवू लागले. अक्कानं तो कागद हळूच काढून घेतला, घडी करून कमरेला खोवला आणि म्हणाली, "चला. त्या गल्लीनं जाऊ."

गल्लीत एक आजीबाई ओट्यावर तूरडाळ निवडत बसल्या होत्या. अनोळखी माणसं बघून त्यांनी विचारलं, "कुनाकडं आलाव?" दाजी गडबडले. कारणाशिवाय माणूस कुठं जातो, हेच त्यांना माहीत नव्हतं. अक्का म्हणाली, "कुनाकडं न्हाय, मावशी. सबागती आलोत." सबागती म्हणजे सहज, काही काम नसताना. आमच्याकडचा रोजच्या बोलण्यातला शब्द, पण दाजींच्या बाबतीत तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या आजी म्हणाल्या, मग बसा की. चहा झाला. अक्का आपणहून डाळ निवडू लागली. बोलता बोलता विटांचा विषय निघाला आणि आजी आतून विटेचा एक तुकडा घेऊन आल्या, शेतात नांगराला लागलेला. तो त्यांनी घंगाळातल्या पाण्यात सोडला. वीट तरंगायला लागली. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, हे दाजींनी कित्येक कागदांवर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आता ते घंगाळाशी वाकले, एका बोटानं वीट बुडवली, बोट काढलं, ती वर आली. पुन्हा बुडवली, पुन्हा वर आली. मग अक्काला म्हणाले, "आगं, बग की, खरंच तरंगतीया." अक्काही उठून त्यांच्याशेजारी वाकली. दोघांची चार-पाच बोटं त्या पाण्यात होती. मी घड्याळ दाखवलं. "दाजी, तीन वीसची गाडी..." त्यांनी वर न बघता सांगितलं, "जाऊ दे. मागची हाय की." आयुष्यात गाडी सोडून दिलेली त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मी ओट्याच्या कडेला बसून राहिलो. मला फार बरं वाटत होतं.

त्याला पाच-सहा महिने झाले आणि ते गेले. मातीला गर्दी एवढी होती की स्टँडवरची दुकानं अर्धी बंद होती. दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी मी अक्काजवळ बसलो होतो. मनात साचलेलं बोलून टाकलं. म्हणालो, "अक्का, लोकांना एवढे दिवस वाटले दाजींनी, पण तुला एकच दिवस मिळाला. तोही कुलपाच्या नशिबाचा."

अक्का शेंगा फोडत होती. तिनं हात थांबवला नाही. "कोन म्हनलं एकच?"

तेव्हा मला समजलं. तेरहून आल्यापासून दर सोमवारी ही दोघं सोलापूरला डॉक्टरकडं जात, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. डॉक्टरांनी बोलावलं होतं महिन्यातून एकदा. उरलेल्या सोमवारी दोघं स्टँडवर जायची आणि जी गाडी लागलेली असेल, जिच्यात दोन जागा असतील, तिच्यात बसायची. नळदुर्गला दोनदा गेली. "पानीमहालात हे लई येळ हुबे राहिले," अक्का म्हणाली, "कानामागं हात धरून." बसवकल्याणला गेली, औशाला गेली. एकदा तर चुकून अशा खेड्यात उतरली की जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. शाळेच्या कट्ट्यावर बसून शेंगा खाल्ल्या आणि परत आली. तो दिवस सगळ्यात झकास झाला, असं दाजी म्हणाल्याचं तिनं सांगितलं. कागद एकदाही केला नाही. परतीच्या गाडीचं विचारलं की दाजी म्हणायचे, "बगू."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मला थोडं वाईटही वाटलं होतं.

"तुला सांगितलं आसतं तर तू कार घिऊन आला आसतास."

मी हसलो आणि हसता हसता रडू आलं. दाजी गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो तो तेव्हा. ज्या माणसाची मी अक्काच्या बाजूनं इतकी वर्षं मनात उलटतपासणी घेत होतो, त्यानं सत्तरीला टेकल्यावर, अशक्त हृदय घेऊन, जन्माची शिस्त मोडली होती. त्याचा गाजावाजा केला नाही. माझ्यासारख्याला सुगावाही लागू दिला नाही. त्यांच्या सगळ्या कागदांपुढं मला हे मोठं वाटतं.

गेल्या आठवड्यात अक्काला फोन केला तर भाचीनं उचलला. "आई सकाळीच गेली, मामा. डबा घेऊन गेली. कुठं ते सांगितलं न्हाय." मग वार माझ्या लक्षात आला. मी तसाच स्टँडवर गेलो. केबिनमधल्या नव्या कंट्रोलरला, अक्का कुठल्या गाडीत बसली, म्हणून विचारलं. तो दाजींच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं रजिस्टरमधून मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "मामा, ते सांगायचं न्हाय. साहेबांनी सांगून ठेवलंय."

मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. कारची किल्ली माझ्या हातातच होती.