अर्धा तास जादा पाणी

तुमच्या नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाला तुम्ही कधी घरात बसवून पाणी दिलं आहे का?

लगेच हो म्हणू नका. घरात, असं विचारतेय मी. फाटकाशी नव्हे.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॉलनीत पाणी मिळायचं. कॉलनीच्या अध्यक्षांच्या बंगल्याच्या भिंतीत लाइटच्या मीटरचा कोनाडा होता. त्यात एक स्टीलचा पेला असायचा. त्यांच्यासाठी वेगळा. बागेच्या नळाला भरायचा, प्यायचा, विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. अख्ख्या कॉलनीला पाणी सोडणारा माणूस असा पाणी प्यायचा. कारण कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. आमचं आडनाव त्यांना माहीत होतं. तेवढं पुरत होतं.

त्या पेल्याचा मला राग येतो. लाज मात्र दुसऱ्या गोष्टीची वाटते. ती सांगायला बसले आहे.

अण्णा व्हॉल्व्हमन होते. नगरच्या एका उपनगरात, ठेकेदाराकडे. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याखाली चेंबर. त्यात लांब दांड्याची चावी घालून फिरवली की पाणी सुटतं, उलटी फिरवली की बंद होतं. आमच्या भागाला पाणी दिवसाआड. एकच टाकी, तिच्यावर दोन व्हॉल्व्ह. पहिला कॉलनीचा, सकाळी सहा ते आठ. दुसरा आमच्या वस्तीचा, आठ ते दहा. कॉलनीत बंगले, रो-हाउस, दारात गाडी, मागे बोअर. वस्तीत पत्र्याच्या खोल्या आणि चार तोट्यांचं एक नळकोंडाळं. वस्तीतली माणसं जामखेडची, पारनेरची, कुठली कुठली. पुरुष एमआयडीसीत, बाया कॉलनीत धुण्याभांड्याला. दोन्हींच्या मधे एक रस्ता आणि एक नाला.

कॉलनीचं नाव लिहीत नाही. तुमच्या कॉलनीचं घाला, चालेल.

नगरला बाहेरचे लोक शांत शहर म्हणतात. पुण्यासारखी गर्दी नाही, खेड्यासारखी अडचण नाही. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगर. इथं कुणी कुणाला अनोळखी नसतं. तुमचा पेला वेगळा ठेवणारा माणूसच तुमच्या पोरीला शाळेत प्रवेश मिळवून देतो. तो लग्नाला येतो, दवाखान्यात ओळख काढून देतो, रस्त्यात भेटला की खांद्यावर हात ठेवतो. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. कॉलनीचे अध्यक्ष त्या शाळेचे विश्वस्त. वस्तीतून त्या शाळेत जाणारी मी एकटी. सकाळी साडेसहाला बस. दुपारी परत. म्हणजे वस्तीत पाणी यायच्या वेळी मी वस्तीत नसायचेच. सुट्टीच्या दिवशी असले तरी आई म्हणायची, "तू बस वाचत, मी भरते." माझ्या डोक्यावर हंडा कधी आला नाही. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून.

शेजारच्या खोलीत कमलमावशी आणि तिची रेखा. रेखा माझ्याच वयाची. मावशी सकाळी कॉलनीत कामाला जायची, म्हणून पाणी भरायचं रेखानं. तिची शाळा साडेदहाची. आठला पाणी आलं असतं तर ती सहज पोचली असती. पण पाणी आठला यायचंच नाही. यायचं साडेआठला, पुढे पुढे नऊला, आणि आलं तरी करंगळीएवढी धार. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते रांगेतल्या बाईला विचारा. रेखाचा नंबर लागेपर्यंत शाळा भरलेली असायची. उशिरा गेली की बाई वर्गाबाहेर उभी करायच्या. आठवीत तिनं शाळा सोडली. मी तेव्हा म्हणाले होते, "तिला अभ्यासाची आवडच नाही." हे वाक्य माझं आहे. मी ते आईला म्हणाले होते आणि आई हंडा घासत राहिली होती.

आता त्या दिवसाचं.

मी बारावी झाले. मार्क चांगले पडले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर कॉलनीच्या सभागृहात गुणवंतांचा सत्कार असतो. त्या वर्षी मलाही बोलावलं. अण्णा ठेकेदारानं दिलेल्या खाकी कपड्यात आले, इस्त्री करून. कमलमावशी तिथं आधीच होती. मागच्या दाराशी मोरीत चहाचे कप धुवायला.

कॉलनीतल्या पोरांना नावानिशी हाक मारून ट्रॉफी दिली. माझ्या वेळी अध्यक्षांनी माइक हातात घेतला.

"ही आपल्या पाणीवाल्याची मुलगी. ये बेटा. अरे, तूही ये वर, लाजतोस काय." हे अण्णांना.

आम्ही दोघं वर गेलो. अण्णांनी चपला खाली काढल्या. बाकी कुणी काढल्या नव्हत्या.

"हिच्या यशात आपल्या सगळ्यांचा वाटा आहे बरं का," अध्यक्ष म्हणाले. "हिला शाळेत घेतलं तेव्हाच मी हिच्या बापाला म्हटलं होतं, तू आमचं बघ, मी तुझ्या पोरीचं बघतो. तेव्हापासून अर्धा तास जादा पाणी. कधी तासभर. पोरगी शिकली आणि आपल्या बागा हिरव्या राहिल्या."

लोक हसले. मनमोकळं, घरच्यासारखं हसले. तिसऱ्या रांगेतून एक काका म्हणाले, "साहेब, त्याला धाकटी आहे का हो? म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची काळजी मिटली."

पुन्हा हसले. अण्णाही हसले, खाली बघून.

आणि मी हसले.

मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं म्हणून हसले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे. अर्धा तास कुठून आला, कुणाचा गेला, हे त्या वाक्याबरोबरच समजलं. तरी हसले. खांद्यावर शाल आली. हातात नारळ आला. माइक पुढे आला आणि मी म्हणाले, "सरांचे आणि कॉलनीचे मी मनापासून आभार मानते." चांगल्या मराठीत म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग समोसे. माझी प्लेट आत, कॉलनीच्या मुलींच्या शेजारी. अण्णांची बाहेर पायरीवर. मी आतच खाल्लं.

घरी आल्यावर शाल खुंटीला अडकवली आणि अण्णांना विचारलं, "हे खरं आहे?"

ते पाय धूत होते.

"सुरवातीला अर्धाच तास हुता," ते म्हणाले. "मग ते म्हनतील तसा."

"वस्तीचं पाणी तोडून?"

"तुला काय वाटलं, कुठनं यायचं? टाकी एकच हाय."

"लोकांना कळलं असतं तर?"

"हे बघ. जामखेडला तुझी आजी, तुझी आत्या, सगळ्यांची हयात हंड्याखाली गेली. मला एक पोरगी त्या रांगेतनं भाईर काढायची हुती. एकच. काढली."

"आणि रेखा?"

त्यांनी पाय पुसले. टॉवेल दोरीवर टाकला.

"रेखा माझी पोर न्हाई," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडले नाही. काय ओरडणार? त्यांच्या त्या अर्ध्या तासावर मी बारा वर्षं बसमध्ये खिडकीची जागा पकडली होती.

संध्याकाळी कमलमावशी कामावरून आली. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. रेखा आत भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा थापायला लागली.

"मावशी, मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुला न्हवतं. आमाला हुतं," मावशी म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. मी त्या अध्यक्षाच्या घरी भांडी घासते. त्यांच्या टाक्या वाहत्यात, ते काय मला दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुझ्या बापाला काढला असता. दुसरा आला असता, त्यानंबी तेच केलं असतं. म्हनलं जाऊ दे, वस्तीतली एक तरी शिकतीया. उद्या आपल्या बाजूनं चार शब्द बोलंल."

तिनं डोक्यावरचा पदर काढून तोंड पुसलं.

"आन आज तू तिथं हसलीस. मी कप धुता धुता बघितलं."

एवढंच. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. रेखानं तव्यावरची भाकरी उलटली. मला आत ये म्हणालं नाही कुणी. आणि त्या दिवशी मला कळलं, फाटकाशी उभं राहिलेल्या माणसाला काय वाटतं.

दोन दिवसांनी पाण्याची पाळी होती. मी अण्णांबरोबर गेले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सहाला त्यांनी कॉलनीचा व्हॉल्व्ह उघडला. थोड्याच वेळात घराघरांतून मोटारींची घरघर सुरू झाली. लाइनीला थेट लावलेल्या मोटारी. ते पाणी यायचं नाही, ते ओढलं जायचं. सातला एका गच्चीवरची टाकी वाहायला लागली. पाणी भिंतीवरून उतरून रस्त्यावर आलं. खाली गाडी धुणाऱ्या माणसानं आम्हाला हात केला.

आठ वाजले. अण्णा कट्ट्यावर बसून राहिले. मी चावी उचलली.

"पोरी, माझं काम जाईल," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आपलं घर कसं चालंल?"

याचं उत्तर आजही मला नीट सापडलेलं नाही. पण त्यांनी हात पुढे करून चावी धरली नाही. मी ती उलटी फिरवली. जड होती. सगळं अंग लावावं लागलं. मोटारींचा आवाज बदलला, कोरडा झाला, एकेक करून बंद पडला. मग वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला.

अध्यक्ष स्वतः चालत आले. बनियन, हाफ पॅंट, पायात स्लीपर.

"काय रे, लाइन फुटली का?"

"आठ वाजले," मी म्हणाले.

"तू? तू काय करतेस इथं? उघड आधी. वरची टाकी अर्धीच आहे."

"आठ वाजले."

"बेटा, तुला शाळेत कुणी घातलं, विसरलीस का?"

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. रेखाचं नाव घ्यायचं होतं. त्यातलं एकही वाक्य निघालं नाही. मी तिसऱ्यांदा तेच म्हणाले, "आठ वाजले." आणि चावी छातीशी धरून उभी राहिले.

आठवड्याच्या आत ठेकेदारानं अण्णांना काढलं. कारण सांगितलं, वयाचं. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. आईनं कॉलनीत दोन घरची भांडी धरली. मी कॉलेज करून दुपारी एका दुकानात काम करते. नवा व्हॉल्व्हमन आला आणि पहिल्याच पाळीला त्यानं साडेनऊपर्यंत कॉलनीचं पाणी चालू ठेवलं. मावशी म्हणाली होती तसंच.

म्हणून आता पाण्याच्या दिवशी मी साडेसातला चेंबरवर जाऊन बसते. आधी एकटी होते. मग कमलमावशी आली, मग अजून बाया. आम्ही घोषणा देत नाही. झाकणाभोवती बसतो, नव्या व्हॉल्व्हमनला मोबाईलमध्ये वेळ दाखवतो. आठला तो बंद करतो. कधी कुरकुरतो, कधी फोन दाखवतो, "बघा, साहेबांचा आलाय." आम्ही म्हणतो, दे इकडे. कॉलनीत मला कृतघ्न म्हणतात. म्हणू देत. कृतज्ञता हा त्यांनी आमच्या लाइनीला बसवलेला सगळ्यात जुना व्हॉल्व्ह आहे आणि तो मी पुन्हा त्यांच्या हातात देणार नाही.

रेखाचं लग्न झालं. पारनेरकडे दिली. तिची शाळा मी परत देऊ शकले नाही आणि देता येणारही नाही. तिनं मला लग्नाचं आमंत्रण दिलं नाही. ते बरोबरच होतं. माझी लाज मी कुणाकडे हलकी करायला जात नाही. ती जवळ ठेवायची, आणि पाण्याच्या दिवशी वेळेवर उठायचं.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरी बहुतेक पुरेसं पाणी येतं. तर एक काम करा. तुमच्या भागाच्या पाणीपुरवठा कार्यालयात जा आणि दोन वेळापत्रकं लेखी मागा. एक तुमच्या गल्लीचं. दुसरं तुमच्यानंतर ज्या वस्तीला पाणी जातं, तिचं. कोणती वस्ती ते माहीत नसेल तर तेही तिथंच विचारा. दोन्ही कागद शेजारी शेजारी तुमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला चिकटवा, सगळ्यांना वाचता येतील असे. कुणी फाडले तर दुसऱ्या दिवशी परत चिकटवा.