नेहेमियाभाऊंची उलटी शिवलेली फाईल

त्या दिवशी नेहेमियाभाऊंवर मी इतकी चिडले होते की विचारू नका. तरी सांगते, असा माणूस अख्ख्या किर्यात मलाखी गावात शोधून सापडायचा नाही.

मुंबईत ते कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचे. इथे इस्रायलला आले, चाळिशीत हिब्रू शिकले आणि पुन्हा कोर्टाच्या रेकॉर्डखोलीतच जाऊन बसले. ओरिजिनल फाईल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वकील असो नाहीतर जज्ज, अर्ज आणि सही घेतल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

साल चौऱ्याहत्तर. मंगळवारी माझ्या रिव्काचं लग्न, आणि आदल्या बुधवारी रब्बी म्हणतात, आईबापाचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, दाखवा, तोही ओरिजिनल. नाहीतर लग्न लावत नाही. आम्ही हिंदुस्थानातून आलेले ज्यू ना, आमच्याकडेच सतरा पुरावे मागायचे! आमच्या लग्नाचा तो कागद सोळा वर्षांपूर्वी, नवरा वारला तेव्हा, मी वारसाच्या अर्जाबरोबर कोर्टात दिला होता. रिव्काला घेऊन तशीच धावले. तिथल्या कारकून झेहावाने फाईल उघडली, फक्त तिसरं पान बघितलं. "यादीत तिसरं पान केतुबा आहे. इथे तिसरं पान घराचं पत्र आहे. बाई, तुमचा कागद नाही यात."

 तेवढ्यात नेहेमियाभाऊ आले, फाईल बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा, ही मीच शिवलीय! नोकरीच्या पहिल्या महिन्यात, मुंबईच्या सवयीने."

हिब्रू उजवीकडून लिहितात, म्हणून इथली फाईलही उजवीकडून उघडते. यांनी शिवली होती डावीकडून उघडणारी, आणि पानांवर आकडेही घातले नव्हते. त्यांनी ती पालथी केली, तिसरं पान काढलं. माझा केतुबा!

मी झडप घातली, तर हे फाईल छातीशी धरून उभे. "सिपोराबाई, जज्जच्या हुकुमाशिवाय नाही."

"अहो, चूक तुमची आणि वर ऐट मला दाखवता?"

"चूक माझी. फाईल कोर्टाची."

लिहिला बाई अर्ज! जज्जने हुकूम दिला, नेहेमियाने स्वतः न्यावी, दाखवावी, परत आणावी. निघालो तिघं बसने. शेजारच्या सीटवरच्या बाईने संत्रं सोलायला घेतलं, तर फाईलवर रस उडेल म्हणून हे सबंध रस्ता उभे!

रब्बींनी कागद वाचला, सह्या निरखल्या. "मझल तोव," असं अभिनंदन केलं आणि परवानगीवर शिक्का मारला. मला तर नाचावंसं वाटलं. नाचलेच थोडी, लाजायचं काय त्यात?

रिव्का मात्र बापाच्या सहीकडे बघत राहिली. तो गेला तेव्हा पाच वर्षांची होती ती. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अंकल, मंगळवारी मांडवात डॅडीच्या जागी तुम्ही चला माझ्याबरोबर."

 नेहेमियाभाऊंनी ती अख्खी फाईल माझ्या हातात कोंबली, ना अर्ज ना सही, आणि खिशात रुमाल शोधायला लागले.