ठराव क्रमांक एक, मुक्काम आगबोट

शांतलिंगअप्पा दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते, पण ते फक्त सोसायटीच्या खोलीपुरते सेक्रेटरी होते असं कुणी म्हटलं नसतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूरच्या शिवेला लागून असलेल्या त्या वाडीत चार माणसं पारावर काही ठरवायला बसली, की अप्पा विचारायचे, "सूचक कोण? अनुमोदन कुणाचं?" त्यांच्या मंडळी लक्ष्मीबाई सांगायच्या, "आमच्या घरात पिठलं करायचं का आमटी, याला बी अनुमोदन लागतं. म्या एकटीच सभासद, म्हणून बरं चाललंय."

मथुराबाईंचं आणि अप्पांचं फारसं जमत नसे. दोन म्हशींचं दूध घालायला त्या रोज पहाटे सोसायटीत यायच्या. अप्पा दुधात लॅक्टोमीटर सोडायचे आणि तो डुलायचा थांबेपर्यंत स्वतःचा श्वासही धरून ठेवायचे. मग आकडा वाचून म्हणायचे, "अक्का, आज म्हशीला पाणी जास्त पाजलं का दुधाला?"

"पाणी कुठं हाय या मुलखात? असतं तर आधी तुमाला पाजलं असतं," असं म्हणून मथुराबाई किटली उचलायच्या.

तरीही अप्पांची एक गोष्ट मथुराबाई विसरल्या नव्हत्या. बहात्तरच्या दुष्काळात दोघंही खडीच्या कामावर होती. अप्पा हजेरी लिहायचे, मथुराबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ लिंबाजी खडी फोडायचे. एका सोमवारी तीनशे माणसं दोन कोस चालून कामावर पोचली, तर काम बंद. आदल्या शनिवारी वरून हुकूम आला होता, पण सांगायला कुणी आलं नव्हतं. दुपारपर्यंत माणसं टोपल्या उपड्या घालून त्यांच्यावर बसून राहिली. मथुराबाईंना ताप होता, म्हणून त्या त्या दिवशी घरीच होत्या. लिंबाजी तिथूनच एका टोळीबरोबर कोकणात निघून गेला. बहिणीला कळलं पाचव्या दिवशी.

त्यानंतर कुठलंही काम बंद पडणार अशी कुजबुज झाली, की अप्पा स्वतः तालुक्याला जाऊन विचारून येत आणि वाडीवाडीत ओरडून सांगत. ते काही त्यांचं काम नव्हतं. कुणी तसं म्हटलंच तर ते म्हणायचे, "काम बंद हुणार ते आपल्या हातात न्हाय. पर माणसाला कळलं पायजे."

लिंबाजी मालवणजवळ एका चिरेखाणीवर लागला. खडी फोडणाऱ्या हाताला चिरा काही अवघड गेला नाही. तिथलीच बायको केली. पुढं एक चिरा पायावर पडला आणि तेव्हापासून लांबचा प्रवास सुटला. इकडं मथुराबाई विधवा झाल्या, म्हशी सोडून हलता येईना. भाऊ जवळ नसला की बहिणीनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं असतं. मथुराबाईंनी बारा वर्षं चंद्राला ओवाळलं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभासदांनी यात्रा काढायचं ठरवलं. एका यात्रा कंपनीची गाडी ठरली. कंपनीचं पत्रक अप्पांनी सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं. नरसोबाची वाडी, कोल्हापूर, गोव्यात मंगेशी, मग पणजीहून आगबोटीनं मुंबई. "बोट वाटेत वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी इत्यादी बंदरांना थांबेल," इथपर्यंत अप्पा आले आणि मागं बायकांत बसलेल्या मथुराबाई उभ्या राहिल्या.

"मालवण म्हणलात का?"

"म्हणलं की."

"मग माझं नाव घाला."

लिंबाजीला पत्र अप्पांनीच लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं. बोट बंदरापासून लांब समुद्रात उभी राहते, माणसांची पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ने-आण करतात, तर मी पडावात बसून बोटीवर येतो, अर्धा तास तरी भेट होईल. ते कार्ड मथुराबाईंनी अप्पांकडून तीनदा वाचून घेतलं आणि चोळीत ठेवलं. म्हशी शेजारच्या सिताबाईवर सोपवल्या.

बेचाळीस माणसं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पणजीच्या धक्क्यावर उभी होती. बोट दहाला सुटली आणि खाडीतून समुद्रात आली. चहूकडं पाणी बघून सोसायटीचा सभासद श्रीमंत म्हणाला, "एवढं पाणी, आन् एक घागर भरून न्यायची सोय न्हाय." सगळे हसले. मग बोट डोलायला लागली आणि हसणं थांबलं. यात्रेतला बलभीम पहिला आडवा झाला. एकामागून एक सगळी यात्रा डेकवर सतरंज्यांवर लोळू लागली. मथुराबाईंना मात्र काही झालं नाही. त्या कठड्याला धरून किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. मालवणला किती वाजता, एवढंच त्या दर थोड्या वेळानं विचारत.

दुपारी वेंगुर्ल्याचा डोंगर दिसला. बोट थांबेल म्हणून काही प्रवासी बोचकी घेऊन दाराशी आले. डोंगर समोर आला, बाजूला आला, मागं गेला. बोट काही थांबली नाही. टोपल्या घेतलेली एक कोळीण आरडाओरड करायला लागली, "अरे, माका खंय नेतात?" दाराशी उभ्या खलाशानं तिला काहीतरी उत्तर दिलं. अप्पांनी ते ऐकलं. मग खलाशाजवळ जाऊन त्यांनी नीट विचारून घेतलं. समुद्र खवळलाय, लाटेमुळं पडाव बोटीला लागू शकत नाहीत, म्हणून वेंगुर्ले, मालवण, पुढची सगळी बंदरं आज रद्द. एकदम रत्नागिरी, कारण तिथं धक्का आहे. हे सकाळीच ठरलं होतं. पणजीच्या कचेरीबाहेर तसा कागदही लावला होता, इंग्रजीत.

अप्पा यात्रा कंपनीच्या मॅनेजरकडं गेले. रामकिसन त्याचं नाव. तो लिंबू चोखत बसला होता.

"मॅनेजर, तुमाला ठावं होतं?"

"सकाळी कळलं होतं, अप्पा."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय झालं असतं? समुद्र काय थांबणार होता? उगं सकाळी सकाळी गलका. आन् मालवणात आपलं दर्शन बी न्हाई, जेवण बी न्हाई."

"सांगितलं असतं तर ही बाई पणजीतून एसटीनं मालवणला गेली असती," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आन् तिकडं तिचा भाऊ लंगडत बंदरावर येऊन उभा असंल. त्याला कोण सांगणार?"

मथुराबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंजे बोट त्याच्या डोळ्यांदेखत जाणार."

अप्पांनी पिशवीतून सोसायटीचं सभावृत्ताचं रजिस्टर काढलं. ते यात्रेलाही बरोबर आणलं होतं, यावरून घरी लक्ष्मीबाईंशी वाद झाला होता.

"सभा बोलावतो," अप्पा म्हणाले. "विषय एक. बोट मालवणला उभी करावी."

आज कुणाला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण त्या वाडीत दहा वर्षांत जे काही चांगलं घडलं, ते ठरावानंच घडलं होतं. दुधाची गाडी फाट्याऐवजी गावात यायला लागली ती ठरावानं, हातपंप मिळाला तो ठरावानं. रीतसर मंजूर झालेला ठराव समुद्रावर चालत नाही, हे कुणाच्या मनातच आलं नाही. अप्पांच्याही नाही.

अडचण वेगळीच आली. हाका मारून मारून अकराच सभासद उठून बसले. बाकीचे डोळे मिटून पडलेले. अप्पांनी मोजलं आणि घड्याळ पाहिलं.

"गणपूर्ती न्हाई. चौदा पायजेत. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं हाय तेवढ्या माणसांत चालंल, तसा नियम हाय."

"अर्ध्या तासात मालवण निघून जाईल की!" मथुराबाई कडाडल्या. "घाला तुमचा नियम चुलीत! म्हशीच्या दुधाला बी नियम, भावाच्या भेटीला बी नियम!"

"अक्का, खलाशी म्हणला अजून दीड तास हाय. बसा. नियम सोडून केलेलं कागदावर टिकत न्हाय."

तो अर्धा तास अप्पा बसले नाहीत. डोलणाऱ्या डेकवर एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात शाईचा पॅड, असे ते प्रत्येक आडव्या माणसाजवळ उकिडवे बसले. लिंबाजी कोण, तो कसा गेला, आज तो कुठं उभा आहे, हे त्यांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. बलभीम डोळे न उघडता म्हणाला, "अप्पा, म्या मरायला लागलोय."

"मर, पर आधी अंगठा दे."

बलभीमनं अंगठा दिला. अर्ध्या तासानं सभा पुन्हा भरली, तेव्हा नियमाप्रमाणं अकराही चालले असते. कागदावर अडतीस सह्या आणि अंगठे होते. सूचक कडूबाई, अनुमोदक श्रीमंत. ठराव क्रमांक एक, मुक्काम आगबोट, सर्वानुमते मंजूर.

कप्तानाच्या खोलीकडं जाणाऱ्या जिन्यावर अप्पांना अडवलं. त्याच जिन्याशी वेंगुर्ल्याचे प्रवासी तासभर भांडत होते, त्यांनाही कुणी वर सोडलं नव्हतं. अप्पा भांडले नाहीत. ठरावाचा कागद रजिस्टरातून काढून वर पाठवला आणि उन्हात टोपी काढून उभे राहिले. थोड्या वेळानं वरून बोलावणं आलं. मथुराबाईही पाठोपाठ गेल्या.

कप्तान पिकल्या मिशांचा, कोकणातलाच माणूस होता. त्याच्या हातात तो कागद होता.

"हे काय आहे?"

"ठराव हाय, साहेब. सर्वानुमते."

कप्तान हसला नाही. त्यानं खिडकीतून बाहेर दाखवलं. "सेक्रेटरी, त्या लाटेवर सही कुणाची घेतली? पडाव बोटीला लावला तर फुटेल. त्यात माणसं असतील. तुमच्या बाईंचा भाऊही असेल."

अप्पांनी लाटेकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग हा ठराव मागं घ्यावा लागंल." आणि मथुराबाईंकडं वळून विचारलं, "अक्का, घिऊ का?"

मथुराबाईंनी मान डोलावली. भाऊ पडावात, आणि समोर ती लाट.

"उपसूचना मांडतो, साहेब," अप्पा म्हणाले. "बोट थांबवू नका. निस्तं त्या माणसाला कळवा. बोट येणार न्हाई, घरी जा, बहीण रत्नागिरीला उतरून उद्या एसटीनं येती. एवढं कळलं तरी पुष्कळ. तो तिथं उभा ऱ्हाईल, साहेब. आमची माणसं उभी ऱ्हातात."

कप्तानानं कागद पुन्हा एकदा पाहिला. अंगठे एकावर एक पडले होते, काही पुसटलेले, काही शाईचे नुसते डाग. "सकाळपासून सगळे आमच्यावर ओरडतायत," तो म्हणाला. "आणि त्यांचं चूक नाही. बंदर रद्द केलं ते बरोबर केलं. इंग्रजीत कागद लावून मोकळे झालो, ते चुकलं." त्यानं बिनतारी यंत्रावरच्या माणसाला हाक मारली आणि अप्पांना म्हणाला, "नाव सांगा. ओळख सांगा. बंदरावर शंभर माणसं असतील."

रत्नागिरीला निरोप गेला, तिथून मालवणच्या बंदर कचेरीला फोन करायचं ठरलं. निरोप पोचला की नाही, हे बोटीवर कळायला मार्ग नव्हता.

तीनच्या सुमारास मालवणचा किल्ला दिसला. मथुराबाई कठड्याशी गेल्या. किनारा इतका लांब होता, की माणसं सोडा, घरंसुद्धा नीट दिसत नव्हती. त्या शेवटपर्यंत बघत राहिल्या. अप्पा त्यांच्या शेजारी उभे होते.

दोघं खाली आली, तर बलभीमला काळजी पडली होती, की सगळ्यांनाच रत्नागिरीला उतरवतात काय. त्याला मुंबई पाहायची होती. अप्पांनी त्याला सांगितलं, "तुमी सगळी मुंबईला जा. अक्कासंगं म्या उतरतो." मग रामकिसनला बोलावलं. "मॅनेजर, उद्यापासून जे काय बदलंल, ते सकाळी चहाच्या आधी सगळ्यांपुढं उभं ऱ्हाऊन सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. कबूल?" रामकिसननं खाली बघत कबूल केलं, आणि दिवेलागणीला रत्नागिरीच्या धक्क्यावर दोघांची बोचकी त्यानं स्वतः उतरवून दिली.

एसटी स्टँडवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मालवणला उतरली. मथुराबाईंच्या मनात एकच होतं, निरोप पोचला असेल का. आणि नसेल पोचला, तर बोट बघून लिंबाजीनं काय समजून घेतलं असेल.

गाडीचं दार उघडायच्या आत खिडकीखालून हाक आली. "आक्के!"

केस पांढरे झालेला, काठी टेकलेला माणूस होता. सकाळपासून रत्नागिरीकडून येणारी प्रत्येक गाडी तो बघत होता. मथुराबाई उतरल्या आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेल्या, किती म्हातारा झालास रं!"

"आन् तू काय पोरगी हाईस का?"

लिंबाजीनं मग अप्पांचा हात धरला आणि कालची हकिगत सांगितली. लाटा बघून लोकांनी अंदाज केला होता, की बोट येत नाही. माणसं हळूहळू पांगली. पण नक्की कुणी सांगत नव्हतं, म्हणून तो बंदराच्या टोकाला उभाच राहिला. चिठ्ठी घेऊन बंदर कचेरीतला शिपाई धावत आला तो ओरडतच, "उस्मानाबादचो लिंबाजी कोण? उस्मानाबादचो लिंबाजी!"

"अप्पा, बारा वर्सं झाली," लिंबाजी म्हणाला. "इथं मला सगळी खाणीतला लिंबा म्हणत्यात. गावाच्या नावानं हाक कुणी मारली न्हवती. मला वाटलं, आपलं कुणी तरी मेलं. घाबरतच चिठ्ठी वाचून घेतली, तर त्यात, आक्के, तू येतीस."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा लगबगीनं बोचकी उचलायला वळले आणि लिंबाजीच्या घराची वाट कुठली, ते समोरच्या पानवाल्याला विचारू लागले, वाट सांगणारा माणूस शेजारीच उभा असताना.