मागचा डावा स्पीकर

सांगलीतल्या आमच्या गल्लीत टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं एकच मेकॅनिक दुरुस्त करतो. मान खाली, कानावर टेस्टर खोचलेला, आणि तक्रार पुरती ऐकायच्या आधीच उत्तर तयार: "माज्या हातनं चूक हुत न्हाई." या वाक्याचा मला रागच यायचा.

त्याने आमच्या घरी होम थिएटर बसवलं त्याच दिवशी माझे वडील, आबा, तापले. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. "मागचा डावा स्पीकर मुका हाय. फशिवतोस व्हय रं?"

त्याने पंखा बंद केला, स्पीकरला कान लावला. मग डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला आणि पुन्हा आवाज सोडला. दोष स्पीकरचा असता, तर तोही आता उजवीकडे गेला असता.

"डावाच बंद हाय!" आबा ओरडले.

मला मात्र दोन्हीकडून स्वच्छ ऐकू येत होतं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. आता हा आपलं ते वाक्य आबांच्या तोंडावर फेकणार.

"चुकलं माजं, आबा," तो म्हणाला. "जागा चुकीची धरली." आणि त्याने दोन्ही स्पीकर आबांच्या उजव्या अंगाला मांडले.

"आता कसं!" आबा खूश झाले.

दारात चपला घालताना तो माझ्याजवळ सरकला.

"माज्या हातनं चूक हुत न्हाई," तो हळूच म्हणाला. "कानाच्या डॉक्टरला दाखवा त्यास्नी."